आत्यानं कानात सांगायचं

पवनार
८ डिसेंबर २०२४

माणिक,

आधी वर 'चिरंजीव' लिहिलं होतं, मग तो कागद फाडला. इतका राग अजून शिल्लक आहे, हे तुला ठाऊक असलेलं बरं.

तू माझा नंबर ब्लॉक केलास म्हणून पोस्टानं लिहिते आहे. पवनार ते हिंगणी असं अंतर ते काय! पण तुझ्या वेदश्रीच्या साखरपुड्याच्या आधी तू प्रभाकरमामांच्या हाती निरोप पाठवलास, की ताईला सांगा, डोक्यावर केस लावून ये, नाहीतर येऊ नको, व्याही पुंडलिकरावांच्या घरचे विचारतील. मीही मामांच्याच हाती उत्तर पाठवलं. तेव्हापासून तो रस्ता आपल्या दोघांसाठी बंद आहे. माझ्या उत्तराबद्दल मी माफी मागणार नाही. केस आता दोन बोटं वाढलेत, तेही काळे कमी आणि पांढरे जास्त.

आता मुद्द्याचं. माझं अंडाशयाचं दुखणं नशिबानं आलेलं नाही. दवाखान्यातून माझं रक्त तपासायला पाठवलं होतं, त्यात एक जनुक बिघडलेलं निघालं. बीआरसीए-टू त्याचं नाव. हा बिघाड जन्मापासूनचा, आईबापांपैकी एकाकडून आलेला. मला आहे म्हणजे तुला असण्याची शक्यता निम्मी, नाणं उडवल्यासारखी. आणि तुला असेल तर वेदश्रीला असण्याचीही निम्मी.

तू रक्त दे. एवढंच मागते आहे. सुईला तू शाळेत असल्यापासून भितोस, देवीची लस टोचायला आले होते तेव्हा गोठ्यात जाऊन लपला होतास, तेही विसरलेले नाही. तरी दे. तुझ्यात हे नसेल तर विषय संपला, वेदश्रीला काही भीती नाही. मी तिच्या लग्नात टोपी घालून कोपऱ्यात बसून बुंदी खाईन. असेल तर मात्र तिला कळलं पाहिजे, आणि वैशाखातल्या लग्नाआधी कळलं पाहिजे. पंचविशीत कळलं तर नियमानं तपासण्या करता येतात, काही निघालंच तर वेळेवर धरता येतं. मला पोट फुगल्यावर कळलं.

तिला मी थेटही सांगू शकते. तिनं मला ब्लॉक केलेलं नाही. पण पोरगी तुझी आहे, म्हणून आधी तुझ्या दारात आले.

मी ठीक आहे. गोळ्या चालू आहेत, कॉलेजात तास घेते आहे.

यामिनी


पवनार
२९ डिसेंबर

माणिक,

तुझं उत्तर मामा घेऊन आले. चहा होईपर्यंतही त्यांना दम निघाला नाही.

"तो म्हणे, हा बायकायचा रोग हाय, मी काऊन सुई टोचून घेऊ? अन् असलाच तं आईकडून आला असन म्हणे, मामाच्या घरातून!" हे सांगताना मामांचे कान लाल झाले होते. "माह्या बहिणीच्या माथी मारून राह्यला तो! आमच्या घरात सगळ्या म्हाताऱ्या नव्वदीपर्यंत जगल्या, अन् आमाले सांगते!"

पुढचं वाक्य त्यांनी कपबशीकडे बघत सांगितलं. पोरीचं लग्न पार पडू दे, मग काय ते बघू, तोवर ताईनं तोंड बंद ठेवावं, असं तू म्हणालास. लग्न पार पडू दे! सुपारी फुटली म्हणजे रोग मांडवाबाहेर थांबतो की काय?

बारावीच्या पोरांना हे मी पंचवीस वर्षं शिकवते आहे. आता तुला शिकवते, नीट वाच.

आई अण्णाजींच्या खादीच्या सदऱ्याला रफू करायची, आठवतं? फाटलेल्या जागी ती मनानं सुई चालवत नसे. त्याच ताग्याचा दुसरा सदरा शेजारी पसरायची, त्याची वीण बघायची, आणि तस्सा एकेक धागा भरायची. झाल्यावर कुठं फाटलं होतं ते सांगता यायचं नाही. पेशीतही तेच चालतं. आत जो लांबलचक दोरा असतो, डीएनए, तो तुझा-माझा सारखा तुटत असतो. कधी दोन्ही पदर एकदम तुटतात, ते सगळ्यात वाईट. पेशी दुभंगायच्या बेतात असली की तिच्याकडे त्या दोऱ्याची अगदी तशीच दुसरी प्रत तयार असते. आमच्या पुस्तकात तिला बहीण म्हणतात. मी नाव ठेवलेलं नाही, उगाच टोमणा समजू नकोस. तुटलेलं टोक त्या बहिणीपाशी नेऊन ठेवायचं, तिच्यात बघून जे गेलं ते भरायचं. हे काम करणारं जे मंडळ आहे, त्यातला एक मुख्य गडी बीआरसीए-टूच्या हुकमानं तयार होतो.

प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. माझी एक जन्मापासून फाटकी. दुसरीवर काम चालत होतं. मग कुठल्यातरी एका पेशीत ती दुसरीही गेली. आता रफू करणारं कोणी नाही. तेव्हा पेशी काय करते? सुटलेली दोन टोकं हाताला लागतील तशी धरते आणि गाठ मारते. गाठीत थोडा दोरा जातोच. अशा गाठींवर गाठी बसत गेल्या, की शेवटी जे होतं त्यालाही आपण गाठच म्हणतो.

हे जनुक बायकांच्या पदराला बांधलेलं नसतं, माणिक. बापाकडूनही येतं, आणि पुरुषांनाही त्रास देतं. अण्णाजी शेवटचं वर्ष कंबर धरून होते, लघवीला रडायचे. आपण वात म्हणून शेक देत बसलो. ते काय होतं हे आता कोणी सांगू शकत नाही. पण मला झोप येत नाही.

तू कुलूप लावलंस म्हणून घरात काय आहे ते बदलत नाही.

यामिनी


पवनार
२१ जानेवारी २०२५

माणिक,

मागचं पत्र परत आलं. पाकिटावर 'घेण्यास नकार' असं लिहिलेलं. शाबास. हे पाकीट कॉलेजचं आहे आणि पत्ता आमच्या रूपराव शिपायाच्या अक्षरात आहे. 'आता तरी घेतीन काय?' असं त्यानं विचारलं. मागचं पत्रही यातच घातलं आहे.

मी केळझरला जाऊन आले. गणपतीच्या दर्शनाला नाही, चंद्राआत्याच्या घरी.

झालं असं की दवाखान्यात पहिल्या दिवशी विचारलं होतं, घरात कोणाला कॅन्सर? मी म्हटलं, कोणालाच नाही. आणि ते खरंच वाटत होतं मला. आपल्या घरात म्हणजे कोण? अण्णाजी, आई, तू, मी. अण्णाजींची सख्खी बहीण चाळिशीत गेली, हे आठवलंसुद्धा नाही. ती दिल्या घरची. आपण तिचं तीन दिवसांचं सुतक धरलं आणि मोकळे झालो. मी, जनुकशास्त्र शिकवणारी, असं उत्तर देऊन आले!

तर केळझरला दारात तिची धाकटी जाऊ बसली होती, गहू निवडत. मी चंद्राचं नाव घेतलं.

"चंद्रा? नाई बाई. चंद्रा नावाची कोनीच नाई आली या घरात."

मी माघारी वळणार होते. मग सुचलं म्हणून सांगितलं, हिंगणीच्या अण्णाजींची बहीण. म्हातारीनं सूप खाली ठेवलं.

"अवो, मंग मंदाकिनी म्हना ना! आमची मंदा! लग्नात तांदळात नाव बदललं तिचं." मग तिनं मला आत घेतलं. "तिले छातीत गाठ होती. दोन वर्सं पदराखाली झाकून ठेवली तिनं. माहेरी सांगू नका म्हने, भावाले घोर लागन. आमीबी नाई सांगतलं. मंग सांगाले काही राह्यलंच नाई."

म्हणजे तिकडे तिचं नाव पुसलं गेलं आणि इकडे तिचं दुखणं. मामांना कळवलं, त्यांच्या बहिणीवरचा आळ उतरला म्हणून त्यांनी शेजारी पेढे वाटले. पण छातीची गाठही याच बिघाडानं होते, आता सरळ दिसतं आहे, माणिक. चंद्राआत्या, अण्णाजी, मी. हे आपल्याच घरातून येतं आहे.

संक्रांतीला वेदश्रीचा फोन आला होता. "आत्या, तिळगूळ घे, गोड बोल. तू तर बोलतच नाहीस." मग एकदम विचारलं, "तुमचं दोघांचं काय बिनसलं गं? आई म्हणते आत्याकडे जाऊ नको, बाबा उठून बाहेर जातात. मी काही केलं का?" मी म्हटलं, जमिनीचं आहे, मोठ्यांचं. खोटं बोलले. कोणती जमीन? तिचा आवाज पडला होता.

तिचं बारसं आठवतं तुला? पाळण्यात वाकून तिच्या कानात 'कुर्रर्र' करून नाव मी सांगितलं होतं. आणि बायकांनी माझ्या पाठीत असे धपाटे घातले की मी पाळण्यावर आपटणार होते. वहिनी हसून म्हणाली होती, नाक बघा, आत्यावर गेली. ते नाक अण्णाजींचं, तुझंही तेच. तेव्हा मी किती मिरवले होते. आता कोणी 'आत्यावर गेली' म्हटलं की मी विषय बदलते.

महाशिवरात्रीपर्यंत थांबते. तोवर तू रक्त दे, किंवा तिला सांग. नाहीतर मी सांगेन.

मधे मला दोन दिवस वर्ध्याला राहावं लागलं, कॉलेजचं काम होतं. म्हणून या पत्राला उशीर.

यामिनी


पवनार
१६ फेब्रुवारी

माणिक,

मामा काल आले होते. बोलता बोलता म्हणाले, "माणिक मले गेल्या महिन्यात वर्ध्यावरून येताना सेलूच्या बसमधी भेटला. बाही वर केलेली, कोपराच्या आतून कापूस चिकटवेल होता. मी म्हटलं, काऊन रे, बीपी-शुगर तपासून आला का? तं म्हणे, हाव मामा, शुगर."

तुला शुगर नाही. आणि शुगर बघायला हिंगणीहून वर्ध्याला कोणी जात नाही.

मी रात्रभर तेच घोळवत बसले. तू रक्त दिलंस. सुईला भिणारा तू एकटा जाऊन रक्त देऊन आलास, आणि मला सांगितलं नाहीस. याचा निकाल आता आलेला असणार. तुझ्यात काही निघालं नसतं तर काय केलं असतंस, ते मला पक्कं माहीत आहे. मोटारसायकल दामटत पवनारला आला असतास, फाटकातून ओरडला असतास, बघ ताई, सांगत होतो ना! सगळ्या गल्लीला कळलं असतं. तू आला नाहीस.

म्हणजे आहे.

आहे ना रे?

हे वाक्य लिहिल्यावर मी उठून पाणी पिऊन आले. इतके दिवस तुझ्यावर चिडत होते, ते सगळं कुठं गेलं कोण जाणे. तू लहान असताना ताप आला की माझ्याच गोधडीत येऊन झोपायचास. आता तिकडे एकटा कसा झोपतोस?

माझंही एक खोटं फेडते. जानेवारीत कॉलेजचं काम नव्हतं. रक्त कमी झालं म्हणून दवाखान्यात दोन दिवस रक्त चढवत होते. गोळ्यांनी होतं तसं. पण त्याच गोळ्या मला धरून आहेत, आणि का ते ऐक, कारण यात तुझ्या कामाचं आहे. वाईट पेशींना रफू करता येत नाही, त्या गाठी मारून कसंतरी भागवतात. या गोळ्या त्यांची उरलेली ठिगळंही बंद पाडतात. चांगल्या पेशींकडे एक धड प्रत असते, त्या निभावून नेतात. वाईट मरतात. ज्या बिघाडानं मला पाडलं, त्याच्यामुळेच हे औषध लागू पडलं. कळलेलं असलं की असा काहीतरी मार्ग निघतो. न कळता चंद्राआत्या गेली.

तूही डॉक्टरांकडे जा, प्रोस्टेटची तपासणी सुरू कर. टाळू नको.

आणि वेदश्रीचं. तू लग्नाला भितोस हे मला कळतं. पुंडलिकराव मोडतील, लोक बोट दाखवतील, 'त्या घरची पोरगी' म्हणतील. मोडू दे. चंद्राआत्याचं काही मोडलं नव्हतं, सगळं साजरं झालं होतं.

शिवरात्र दहा दिवसांवर आली आहे. या वेळी धमकी देत नाही, विनवते आहे. तू सांग. बाप आहेस.

ताई


हिंगणी
२२ फेब्रुवारी

ताईस,

साष्टांग नमस्कार.

मले पत्र लिहिता येत नाही, तुले माहीतच आहे. तुझं डिसेंबरातलं पहिलं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं होतं, मी ते फॉरेस्टच्या रेंज ऑफिसात वाचलं, अन् जानेवारी लागताच रक्त देऊन आलो. मामाजवळ जे बोललो ते तुझ्या वहिनीसमोर बोललो होतो, म्हणून तसं बोललो. दुसरं पत्र घरी आलं तेव्हा तिच्या हाती पडू नये म्हणून पोस्टमनला परत दे म्हटलं. तुले वाटलं मी नकार दिला.

रिपोर्ट जानेवारीच्या शेवटी आला. तू ओळखलंच. आहे.

ताई, तू लिहितेस की मी लग्नाला भितो. तसं नाही. पुंडलिकरावाचा अनय चांगला पोरगा आहे, मोडलंच तर मोडन. मी पोरीला भितो. तिले मी सायकल घेऊन दिली, नागपूरला शिकवलं, जे जे दिलं ते सांगत फिरलो. अन् हे दिलं ते कोणत्या तोंडानं सांगू? दोनदा नागपूरला तिच्या होस्टेलपर्यंत जाऊन खालूनच परत आलो. वॉचमन आता मले ओळखते.

साखरपुड्याचं मी चुकलो. केसांचं बोलायला नव्हतं पायजे. तुझं डोकं पाहून मले भीती वाटत होती अन् मी ती पुंडलिकरावाच्या नावावर खपवली.

शिवरात्रीला तिले मी पवनारला पाठवतो. आत्याकडे जा एवढंच सांगन. नाव तूच सांगितलं होतं तिच्या कानात. हेही तूच सांग. माह्याच्यानं होत नाही.

तुझा
माणिक


पवनार
२७ फेब्रुवारी

चिरंजीव माणिक, खूप खूप आशीर्वाद.

पाठीला शेक घेत लिहिते आहे, अक्षराकडे बघू नको. हे पत्र मामांच्या हाती देते, पोस्टाचा भरवसा नाही आणि तुझाही नाही.

काल दुपारी ती आली. उपासाचं म्हणून साबुदाणा केला होता. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "अवं आत्या, हे तं लय मस्त दिसून राह्यलं, पांढरं-काळं." नागपूरला फिजिओथेरपी करून बोलणं शुद्ध झालंय तिचं, पण मायेत आली की वऱ्हाडीवर येते. मी ताट वाढलं आणि काही सुरूच करता येईना. पंचवीस वर्षं फळ्यापुढं बडबडणारी मी, चमच्यानं साबुदाणा सारखा करत बसले. शेवटी म्हटलं, कान इकडे कर.

"लहान हाय का मी?"

"कर म्हटलं ना."

तिनं हसत कान पुढं केला. माणिक, मी 'कुर्रर्र' केलं. हसू नको, ते आपोआप आलं. आणि मग सगळं सांगितलं. चंद्राआत्या, अण्णाजी, मी, तू. तिच्यात असेलच असं नाही, निम्मी शक्यता. कळलं तर काय काय करता येतं. कानातच सांगितलं सगळं, मान अवघडली तरी. तिनं कान काढला नाही, पण हसू गेलं होतं.

मग तिनं विचारलं, "बाबाले माहीत हाय?"

"हाव."

"कधीपासून?"

"जानेवारीपासून."

तिनं माझ्या पाठीत धपाटा घातला. बारशातला नव्हे, खरा. त्या फिजिओथेरपीवाल्या हातांचा. "अन् तुले डिसेंबरापासून!" म्हणून आणखी एक. मग तिसऱ्याला हात उचलला आणि तो तसाच माझ्या पाठीवर ठेवून तिथंच डोकं टेकवून रडली. मीही रडले. साबुदाण्याचा गोळा झाला.

संध्याकाळी ती धाम नदीच्या काठाला एकटीच जाऊन आली. आल्यावर तिचं ठरलेलं होतं. सोमवारी वर्ध्याला रक्त देणार आहे. अनयला ती स्वतः सांगणार, उद्याच, निकालाची वाट न बघता. "घाबरला तं घाबरू दे, आत्ताच कळन. मांडवात कळण्यापेक्षा बरं." तो काय म्हणेल ते मला ठाऊक नाही, तिलाही नाही. रात्रभर तिच्या खोलीतला दिवा चालू होता.

सकाळी बसला निघताना मी तिला तुझं पत्र दाखवलं. तू रागावशील तर रागाव. वाचता वाचता होस्टेलच्या वॉचमनपाशी आली तेव्हा थांबली, ती ओळ पुन्हा वाचली. कागद घडी करून मला दिला आणि म्हणाली, "बाबाले सांग, हे नाकबी त्याच्याकडूनच आलं मले. एवढं मोठं. त्याच्यासाठी कधी माफी मांगतली का त्यानं?"

मग म्हणाली, "सोमवारी त्याले म्हण, संगं ये. मले सुईची भीती वाटते."

तेही तुझ्याकडूनच आलं आहे. सोमवारी सकाळी पहिल्या गाडीनं वर्ध्याला ये, आणि आधी माझा नंबर चालू कर.

तुझी
ताई